एकच ‘+’, कामं अनेक: ऑपरेटर ओव्हरलोडिंग आणि पॉलिमॉर्फिझम समजून घेऊया

कॉम्प्युटरसाठी ‘+’ चा अर्थ एकच असतो असं वाटत असेल, तर फोनवर एखादं पायथॉनचं ॲप टाका आणि करून बघा. ५ + ५ दिलं की उत्तर येतं १०. तेच दोन्ही ५ अवतरण चिन्हांत टाका, उत्तर येतं ५५. चिन्ह तेच, पण दोन्ही बाजूंना आकडे असले तर बेरीज आणि मजकूर असला तर जोडणी. एकाच चिन्हाला असे वेगवेगळे अर्थ देणं म्हणजेच ऑपरेटर ओव्हरलोडिंग.

आता याचा उपयोग काय? मी वर्धा जिल्ह्यातला, म्हणून कापसाचंच उदाहरण घेतो. समजा, हिंगणघाटच्या बाजारात एका गाडीत १२ क्विंटल ६० किलो कापूस भरला आणि दुसरीत ८ क्विंटल ५५ किलो. नुसते आकडे जोडले तर २० क्विंटल ११५ किलो होतात. घरचं कोणीही सांगेल, ‘अरे, २१ क्विंटल १५ किलो म्हण!’ पण १०० किलोचा एक क्विंटल होतो हे प्रोग्रामला आपोआप कळत नाही.

मग दशांशात लिहिलं तर? इथे खरी गडबड आहे. कोणी १२ क्विंटल ५ किलो हे १२.५ असं भरलं, तर प्रोग्राम त्याला १२ क्विंटल ५० किलो समजेल. फरक ४५ किलोचा. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका टिंबामुळे ३,६४९ रुपये ५० पैशांचा घोळ!

उपाय सोपा आहे. ‘वजन’ नावाचा क्लास बनवायचा. त्यात क्विंटल आणि किलो वेगळे ठेवायचे आणि ‘+’ आला की काय करायचं ते आपणच लिहायचं: सगळ्याचे किलो करा, बेरीज करा, १०० ने भागा. भागाकार म्हणजे क्विंटल, बाकी म्हणजे किलो. पायथॉनमध्ये यासाठी ‘ॲड’ नावाची खास मेथड असते, जिच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असतात. सी++ मध्येही ही सोय आहे. जावामध्ये मात्र स्वतःच्या क्लाससाठी ‘+’ चा अर्थ ठरवता येत नाही, तिथे साधी मेथडच लिहावी लागते.

पॉलिमॉर्फिझम ही याहून मोठी कल्पना आहे: हाक एकच, पण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने ओ देतो. ‘कापूस’ आणि ‘सोयाबीन’ हे दोन क्लास घ्या. दोघांतही ‘रक्कम काढ’ ही मेथड आहे. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी होत जातो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. सोयाबीनचा भाव वेगळा, नियमही वेगळे. बिल बनवणारा कोड फक्त ‘रक्कम काढ’ म्हणतो, पुढचं ज्याचं तो बघतो. उद्या ‘तूर’ आली, तरी बिलाच्या कोडला हात लावावा लागत नाही.

एक सांभाळा: ‘+’ ला भलतंच काम देऊ नका. वाचणाऱ्याला जे अपेक्षित आहे, तेच त्याने करावं.

आता तुमची पाळी. याच क्लासमध्ये ‘-’ लिहून बघा: २० क्विंटल १० किलोमधून ४ क्विंटल ३५ किलो वजा. उत्तर १५ क्विंटल ७५ किलो आलं, तर समजा, तुम्हाला जमलं!