मोल : भार की संख्या?

आपल्या भाषेत ‘मोल’ म्हणजे किंमत. रसायनशास्त्रातील मोलाचा तिच्याशी काहीही संबंध नाही. तो शब्द परभाषेतून आलेला आहे. ‘मोल म्हणजे काय?’ असे विचारले की वर्गातून बहुधा ‘ग्रॅममध्ये मांडलेला रेणुभार’ हे उत्तर येते. उदाहरणेही बिनचूक सुटतात, पण मूळ कल्पना हातून निसटते. डझनाप्रमाणे मोल ही संख्या होय.

अणू एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून ते तोलावे लागतात. हे कसे, ते स्वयंपाकघरातच पाहावे. हरभऱ्याचे व मसुरीचे शंभर-शंभर दाणे निवडून तोलावे. समजा, हरभरे पाचपट भरले. मग हजार-हजार दाणे घेतले तरी ते पाचपटच भरणार. अर्थात एक किलो मसूर व पाच किलो हरभरे यांत दाणे सारखेच, आणि तेही न मोजता! (आपल्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सुरू झालेला विज्ञान-शिक्षणाचा उपक्रम अशाच घरगुती साधनांवर उभा होता. तो २००२ मध्ये बंद झाला.)

कार्बनचा अणुभार १२, ऑक्सिजनचा १६. म्हणून १२ ग्रॅम कार्बन व १६ ग्रॅम ऑक्सिजन यांतील अणू समसंख्य असतात. ती संख्या सुमारे ६०२ कोटी कोटी कोटी. २० मे २०१९ पासून मोलाची व्याख्याच या संख्येच्या निश्चित किमतीवरून केली जाते. १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे जेमतेम दोन घोटांत, इतके रेणू असतात. पृथ्वीवरील ८०० कोटी माणसे दर सेकंदास एकेक रेणू मोजू लागली, तरी सुमारे २४ लाख वर्षे लागतील.

आता चुन्याकडे वळू. आम्हां कोकणी लोकांकडे शिंपल्या भाजून चुना करीत. येथे उदयनगरास चुनखडी घेतली तरी द्रव्य तेच, कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध द्रव्य १०० ग्रॅम भाजले की कळीचा चुना ५६ ग्रॅम उरतो. उरलेले ४४ ग्रॅम ‘नाहीसे’ झाले असे मुलांना वाटते. वास्तविक ते कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलेले असतात. १००, ५६, ४४ हे आकडे मोठे आडनिडे! परंतु तेच मोलांत मांडले, तर एका मोलापासून चुन्याचा एक व वायूचा एक, इतका सरळ हिशेब निघतो. भट्टीत पाच किलो, म्हणजे ५० मोल, घातले तर चुनाही ५० मोलच. तराजूत तो २ किलो ८०० ग्रॅम भरेल.