गोकूचे केस कुठे गेले?

‘ड्रॅगन बॉल झी’ ही जपानी मालिका १९८९ साली सुरू झाली. पारदर्शक शीट्सवर हाताने रंगवलेली चित्रं १६ मिलिमीटर फिल्मवर टिपलेली. २००९ मध्ये तोए ॲनिमेशनने ती ‘काई’ नावाने नव्याने आणली. फिल्म स्कॅन करून ओरखडे आणि धूळ काढली, रंग उजळले. इथे एक गोम असते. फिल्मचे बारीक दाणे पुसायला सांगितलं, की संगणक कधीकधी पेन्सिलीची नाजूक रेघही मळ समजून पुसतो!

खरी पंचाईत चौकटीची. जुना पडदा ४:३, नवा १६:९. रुंदी भरायची तर उंचीतला पाव भाग कापावा लागतो. म्हणजे मालिकेचा नायक गोकू याचे उभे केसच आधी जाणार. जपानी प्रक्षेपणात अशी कापाकापी झालीच. मला तरी बाजूच्या काळ्या पट्ट्या परवडतात.

कथेची कात्री मात्र मला पटली. मूळ मालिका चालू मांगाच्या, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेच्या, मागोमाग धावत होती, त्यामुळे भरताडाचे प्रसंग घुसवले जात. ‘काई’ने ते गाळून सेल या खलनायकाशी होणाऱ्या लढाईपर्यंतची गोष्ट शंभराच्या आत भागांत बसवली. संवादही नव्याने ध्वनिमुद्रित झाले. गोकूचा आवाज पुन्हा मासाको नोझावांचाच, तेव्हा वय सत्तरीपार.