प्रौढांमधील मास्टोसायटोसिसचा एक दुर्मीळ त्वचाविकार : स्वरूप, निदान व दक्षता

प्रस्तावना :
त्वचेवर न जाणारा डाग दिसला की कुष्ठरोगाची शंका घेण्याची प्रवृत्ती आपल्या समाजात अद्याप आहे. ‘टेलँजिएक्टेशिया मॅक्युलॅरिस इरप्टिव्हा परस्टन्स’ हा प्रामुख्याने प्रौढांत आढळणारा दुर्मीळ विकार अशा गैरसमजास कारण ठरू शकतो. प्रस्तुत लेखात त्याचा परिचय करून दिला आहे.

स्वरूप :
पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ च्या आपल्या प्रबंधात ‘मास्ट पेशी’ हे नाव रूढ केले. या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये साठवितात व प्रसंगी मुक्त करतात. त्यांची अवाजवी वाढ म्हणजे मास्टोसायटोसिस होय. प्रौढांत तिच्या मुळाशी बहुधा ‘किट’ जनुकातील बदल असतो. तो सामान्यतः आनुवंशिक नसतो. विकार संसर्गजन्यही नाही. पार्क्स वेबर यांनी १९३० मध्ये वर्णिलेल्या या प्रकारात धड व हातापायांवर तांबूस-तपकिरी डाग आणि विस्फारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसतात. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तो स्वतंत्र प्रकार न मानता व्यापक गटात समाविष्ट करावा, असे सुचविले.

निदान :
कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरील संवेदना बहुधा मंदावते. येथे ती शाबूत राहते. डाग चोळल्यास तो लाल होऊन फुगणे, हे ‘डॅरियर चिन्ह’ मास्टोसायटोसिसची खूण मानले जाते. मात्र या प्रकारात ते पुष्कळदा आढळत नाही. म्हणून त्वचेचा तुकडा काढून टोल्युइडिन ब्लूसारख्या रंजकाने मास्ट पेशी तपासाव्या लागतात. प्रौढांत अस्थिमज्जाही बाधित असण्याचा संभव असल्याने रक्तातील ट्रिप्टेजची तपासणी महत्त्वाची ठरते.

दक्षता :
उष्णता, मद्य, काही वेदनाशामके, शस्त्रक्रियेतील काही औषधे व मधमाशी-गांधीलमाशीचा दंश यांमुळे मास्ट पेशी उद्दीपित होऊ शकतात. सोलापुरात उन्हाळ्यात पारा अनेकदा ४० अंशांवर जातो. शेतीत दंशाचाही धोका असतो. त्यामुळे येथील रुग्णाने वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञास आजाराची कल्पना द्यावी. उपचारांत हिस्टामिनरोधक औषधे मुख्य असून तीव्र प्रतिक्रियेत अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन प्राणरक्षक ठरते.

निष्कर्ष :
हा विकार बहुतेकांत सौम्य राहतो. परंतु निदान चुकल्यास रुग्णाच्या वाट्याला अकारण बहिष्कार येतो किंवा टाळता येण्याजोगा धोका ओढवतो. डागाला नाव देण्याची घाई न करता त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे, हाच यावरील विवेकी मार्ग होय.