कर्णबधिर मुलांचे श्रवण-वाचा उपचार (मराठवाडा)

श्रवण-वाचा उपचार म्हणजे कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्र अथवा कॉक्लियर इम्प्लांट यांच्या साहाय्याने ऐकण्यास, ऐकलेले समजण्यास आणि बोलण्यास पद्धतशीरपणे शिकविणे होय. यंत्र ध्वनी पोहोचविते. त्याचा अर्थ लावणे मात्र मुलाला शिकावे लागते. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या ग्रामीण तालुक्यांतील अल्प उत्पन्न कुटुंबांपुढे यंत्र मिळविण्याइतकाच हे शिक्षण काही वर्षे टिकविण्याचा प्रश्न असतो.

निदान आणि वय

जन्मतः बहिरे असलेले मूल इतर बाळांप्रमाणेच रडते व आरंभीचे हुंकारही देते. त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही. 'मूल उशिरा बोलेल' या समजुतीत मोलाची वर्षे निघून जातात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांस आरंभ, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. चाळणीसाठी ओएई आणि निदानासाठी बेरा ही चाचणी वापरतात. दोन्हींत बाळाने उत्तर देण्याची आवश्यकता नसते. यंत्र बसविल्याच्या दिवसापासून मुलाचे 'श्रवण-वय' मोजतात. चार वर्षांच्या मुलाला यंत्र मिळून सहा महिने झाले असतील, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या ऐकण्याचीच अपेक्षा ठेवली जाते.

पद्धती

डॅनियल लिंग यांनी रूढ केलेल्या चाचणीत आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी रोज मुलाला ओठ न दाखवता ऐकवितात. त्यांत खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे ध्वनी येत असल्याने यंत्रातील बिघड त्वरित कळतो. प, ब, म यांचे उच्चार ओठांवर सारखेच दिसतात. म्हणून केवळ ओठ वाचणे अपुरे पडते. मराठीत 'पळ' व 'फळ', 'वेल' व 'वेळ' असे भेद कानाने टिपावे लागतात. तज्ज्ञ आठवड्यातून तासभर भेटतो. उरलेला सराव आईवडिलांनी भाकरी थापताना, पाणी भरताना, जनावरांना वैरण घालताना बोलत राहून करावयाचा असतो. सीमाभागातील काही घरांत तेलुगू, दखनी किंवा बंजारा बोली असते. अशा वेळी घरातली भाषा हीच उपचारांची भाषा ठेवणे हिताचे असते.

शासकीय साहाय्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात ० ते १८ वर्षे वयोगटातील मुलांची अंगणवाडी व शाळांत तपासणी होते आणि जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश आहे. संशयित मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून (१९८१) उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना श्रवणयंत्रे मिळतात. २०१४ च्या सुधारणेनंतर कॉक्लियर इम्प्लांटचाही त्यात अंतर्भाव झाला. त्यासाठी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना ९ ऑगस्ट १९८३) ही समन्वयाचे काम पाहते. मुख्यमंत्री साहाय्यता निधीतूनही या शस्त्रक्रियेसाठी मदतीची तरतूद आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असणारी व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असणारी व्यक्ती ऊनश्रवण ठरते. दिव्यांग प्रमाणपत्रावर एस.टी. प्रवासात सवलत मिळते. उपचारतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही, हे पालकांनी पाहावे.

अडचणी

उमरीहून नांदेडला जाणे म्हणजे प्रवासखर्च आणि दिवसाची मजुरी बुडणे. ऊसतोड अथवा वीटभट्टीसाठी कुटुंब स्थलांतरित झाल्यास उपचार कित्येक महिने खंडित होतात. बालकाचा कान वाढत असल्याने कानातील साचा वारंवार बदलावा लागतो. सेल, वायर व दुरुस्ती यांचा खर्च यंत्र मोफत मिळाल्यानंतरही चालूच राहतो. सेल संपून यंत्र पेटीत पडून राहिले, की मूल पुन्हा निःशब्दतेत जाते. दूरध्वनीवरील चित्रसंवादाने काही भेटी घरबसल्या होऊ शकतात. तथापि यंत्राची जुळणी व साचे यांसाठी प्रत्यक्ष जावेच लागते.

खुणांची भाषा

१८८० च्या मिलान परिषदेने बधिरांच्या शिक्षणात खुणांच्या भाषेऐवजी वाणीचा पुरस्कार केला व तिचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. आज खुणांची भाषा ही परिपूर्ण भाषा मानली जाते. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. उशिरा निदान झालेल्या मुलाला केवळ बोलण्याची वाट पाहायला लावल्यास ते कोणत्याही भाषेविना वाढण्याचा धोका असतो. म्हणून उपचारांसोबत खुणांची भाषाही द्यावी, असे अनेक शिक्षक व बधिर संघटना मानतात.