कायद्यात न लिहिलेला रंग

ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती 13 मे 1888 रोजी. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले, त्याला तोवर 15 वर्षे झाली होती. मुक्तीनंतर ब्राझीलने काळ्यांसाठी वेगळ्या शाळा, रेल्वेत वेगळे डबे असे कायदे केले नाहीत आणि त्याच बळावर ‘आमच्याकडे वंशभेद नाही’ असे जगाला सांगितले. हा दावा टिकत नाही. भेद करायला रंगाचे नाव घ्यावेच लागते असे नाही. सरकारी जमीन यापुढे फक्त विकतच मिळेल, असे 1850च्या कायद्याने आधीच ठरवून ठेवले होते. सुटलेल्या गुलामांच्या हाती मात्र ना जमीन आली, ना भरपाई. 1881च्या कायद्याने निरक्षरांना मतदार होण्याची वाट बंद केली, ती 1985 मध्ये उघडली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळाच दिसली नाही, मत त्यांचेच गेले. पुढे 1890च्या हुकुमात तर रंग उघडच आला: युरोपीय स्थलांतरितांना मोकळी वाट, आफ्रिका-आशियातल्यांना संसदेची खास परवानगी.

‘हा प्रश्न गरिबीचा आहे, वर्णाचा नाही,’ असे तिथले अनेक जाणते लोक म्हणतात. पण गरिबी वाटली गेली तीच रंग पाहून. शिवाय पोलीस कोणाचे उत्पन्न विचारून गोळी झाडत नाहीत. 2022च्या जनगणनेत स्वतःला काळे किंवा मिश्रवर्णीय म्हणवणारे 55.5 टक्के होते. पोलिसांच्या हातून मरणाऱ्यांत मात्र दर पाचांत सुमारे चार जण त्यांच्यातले असतात. दुसरा आक्षेप आपल्याही कानांना ओळखीचा: राखीव जागांनी गुणवत्ता बुडते. वस्तुस्थिती अशी, की फुकट शिकवणाऱ्या केंद्रीय विद्यापीठांत वर्षानुवर्षे महागड्या खासगी शाळांतली मुले त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त शिरत होती. 2012च्या कायद्याने निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखल्या आणि त्यांत उत्पन्न व वर्ण दोन्ही धरले. म्हणजे गरीब गोऱ्या मुलालाही वाटा मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वर्णाधारित राखीव जागा एकमताने वैध ठरवल्या.

जमिनीचा हिशेब मात्र अजून बाकी आहे. पळालेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्त्यांना, ‘किलोंबों’ना, 1988च्या राज्यघटनेने जमिनीचा हक्क दिला. त्यांच्या वंशजांची पहिली मोजदाद 2022 मध्ये झाली: 13 लाखांहून अधिक माणसे. मालकीची कागदपत्रे झालेल्या वस्त्यांत राहणारे त्यांच्यात शंभरात पाचही नाहीत.