ट्रंकेतला अंगरखा



आजचा विषय संयोजकांना कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतलं, "सर, शिवणकाम? तुम्ही?" प्रश्न रास्त होता. जन्मभर मी न्यायदर्शन शिकवलं. त्यात तंतू आणि पट, म्हणजे धागे आणि कापड, हे उदाहरण पावलोपावली येतं. वर्गात ते हजार वेळा दिलं असेल, पण सत्तरी उलटेपर्यंत कापडाला कात्री लावली नव्हती. तर ती कशी लावली, आणि त्यातून जुन्या पोशाखांबद्दल काय कळलं, ते आज सांगायचं आहे.

आमची ही हौशी नाटकमंडळींचे कपडे शिवत असे. ऐतिहासिक नाटक असलं की विशेष उत्साहाने. भाड्याने मिळणारे चकचकीत मखमली अंगरखे तिला अजिबात खपत नसत. ती गेली आणि मागे एक लोखंडी ट्रंक राहिली. आत काय नव्हतं? तिच्या आईचं इरकली लुगडं. गुळेदगुड्डचे खण, त्रिकोणी घडीसुद्धा न मोडलेले. मशरूचा दीड वार तुकडा. मलमल, मांजरपाट, जुन्या साड्यांचे उसवून गुंडाळलेले काठ, बटणांचा डबा. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक अर्धा अंगरखा. पाठ झालेली, दोन्ही बाह्या झालेल्या. पुढचे भाग नाहीत, घेर नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, कसर लागण्याआधी बोहारणीला देऊन टाकू या का?" मी म्हणालो, "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल."

आता हे 'कधीतरी उपयोगी पडेल' वाक्य बघा. ज्यांच्या घरी कापडाचा साठा आहे त्या प्रत्येकाच्या तोंडी हे असतं. त्यात एक तात्त्विक गोम आहे. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो त्याला नैयायिक प्रागभाव म्हणतात. प्रागभावाला सुरुवात नाही, पण शेवट आहे: वस्तू झाली की तो संपतो. म्हणजे ट्रंकेत अंगरख्याचा प्रागभाव आहे असं म्हणायचं, तर अंगरखा कधीतरी व्हायलाच हवा. तो कधीच झाला नाही, तर ट्रंकेत प्रागभाव नव्हताच, नुसतं कापड होतं. गंमत अशी की झाकण उघडून कितीही बघा, यातलं कुठलं ते दिसत नाही. साठा करणारी माणसं बहुधा सांख्यांची असतात. कार्य कारणात आधीपासूनच असतं, अंगरखा मलमलीत दडून बसलेलाच आहे, या भरवशावर ती निवांत असतात. नैयायिक म्हणतो, नाही बाबा, तो नवा पदार्थ आहे, तो घडवावा लागेल.

त्या सुमारास तिच्याच नाटकमंडळींनी पेशवाईतली एक एकांकिका घेतली आणि त्यांच्यातला एक जण विचारायला आला, "काका, काकूंचा तो अंगरखा होता ना?" झालं.

मी अभ्यासू माणूस. कागदावर आधी आराखडा काढला. घेर हवा, म्हणून हल्ली अम्ब्रेला म्हणतात तसा गोलाकार कट आखला आणि तो छापील मलमलीच्या एका तुकड्यावर कापून पाहिला. वर्तुळाचा भाग कापडातून काढला की चारी कोपरे वाया जातात. एवढ्या कापडात निम्माही घेर बसेना. तुकडा फुकट गेला. मग कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे गेलो. माझा कागद बघून ते म्हणाले, "सर, हा शर्टवाल्याचा विचार झाला. अंगरख्याला गोल कापायचंच नाही. कळ्या पाडा."

कळी ही गोष्ट सावकाश समजून घेण्यासारखी आहे. बारा इंच रुंद, छत्तीस इंच लांब असा एक आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून ३ इंचांवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून ९ इंचांवर. दोन खुणा तिरक्या रेघेने जोडा आणि कापा. डावा तुकडा वर ३ इंच, खाली ९ इंच. उजवा बरोबर उलटा, वर ९ आणि खाली ३. तो फिरवला की दोन्ही सारखे. वर अरुंद, खाली रुंद, आणि कापडाचा एक दोराही वाया नाही. अशा १६ कळ्या जोडल्या, प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत गेला असं धरलं, तर कमरेला ४० इंच आणि खाली १३६ इंच, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास घेर मिळतो. तोही निव्वळ आयतांमधून!

प्रत्येक कळीची एक कड सरळ धाग्याची असते आणि एक तिरकी. तिरकी कड ताणली जाते, लोंबते. म्हणून शेजारच्या कळीची सरळ कड तिला जोडायची, म्हणजे सरळ कड तिरकीला धरून ठेवते. (एक सूचना: एकाच दिशेची छपाई असलेल्या कापडावर हे करू नका. उरलेल्या छापील मलमलीवर मी सराव केला तेव्हा निम्मे पोपट शीर्षासन करत होते.)

बगलेखालीही तोच हिशेब. जुनी बाही म्हणजे सरळ नळी. ती अंगाला तशीच जोडली तर हात वर केला की सगळा अंगरखा वर येतो. म्हणून बगलेत एक छोटा चौकोन, कोपरा वर करून बसवायचा. तो तिरका ताणला जातो आणि हात मोकळा होतो. हिच्या बाह्यांना तो होता. शिवणारणीने किती पुढचा विचार केलेला असतो हे मला तो चौकोन बोटांनी चाचपताना कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं, हेही कबूल करतो.

हे सगळं असं का होतं? कारण कापड महाग होतं आणि हात स्वस्त. सूत हाताने कातलेलं, हातमागावर विणलेलं, पन्हा मागाएवढाच. तेव्हा अंगावर शोभेल अशी आकृती आधी ठरवून ती कापडातून कोरून काढायची, असा क्रम नव्हता. कापडाला काय शक्य आहे ते आधी, अंगाला काय हवं ते मग. युरोपातही तेच. अठराव्या शतकातल्या रेशमी झग्यांचं कापड २० इंचांच्या आसपास पन्ह्याचं असे, आणि शिलाईपेक्षा रेशमाची किंमत कितीतरी जास्त. म्हणून पाठीवर अख्ख्या पन्ह्यांच्या चुण्या घालायच्या, कापायचं शक्य तितकं कमी, म्हणजे पुढे उसवून दुसरं काही करता येईल. जॅनेट अर्नोल्ड नावाच्या इंग्रज विदुषीने संग्रहालयांतले असे कपडे इंच-इंच मोजून त्यांचे आराखडे प्रसिद्ध केले, पहिलं पुस्तक १९६४ सालचं. त्या आराखड्यांत जागोजाग जोड दिसतात. इंग्लंडमधल्या बॅक्टन गावच्या चर्चमध्ये वेदीवर घालायचं एक भरतकामाचं वस्त्र होतं. ते पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पोशाखाचं कापड असावं असं अभ्यासकांचं मत झालं आणि २०१९ साली ते हॅम्प्टन कोर्टमध्ये प्रदर्शनात मांडलं गेलं. जिथे राणीच्या कापडाचा असा पुनर्वापर होतो, तिथे आपल्या जुनेराची गोधडी झाली तर नवल काय?

तेव्हा माझं म्हणणं असं. साठ्यातल्या तुकड्यांतून ऐतिहासिक पोशाख शिवणं ही तडजोड मानली जाते: दुकानात जाऊन आठ मीटर कापड आणणं परवडत नाही म्हणून केलेली. मला ते उलटं वाटतं. हवं तेवढं कापड समोर असलं की आपण आपोआप आजच्यासारखं कापतो. कापड कमी पडतं तेव्हाच जुन्या शिंप्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने आपला होतो. आमच्या दिग्दर्शकाने खांद्याजवळ बोट ठेवून सांगितलं, "सर, इथे जोड दिसतोय." मी म्हणालो, "दिसू दे."

अर्थात ट्रंकेतलं सगळंच कापावं असं नाही. जीर्ण रेशीम घडीवरच चिरतं. ते उजेडासमोर धरा, हलकेच ताणून बघा, आणि चिरत असेल तर तसंच ठेवा, घडी मात्र दर काही महिन्यांनी बदला. कोरं सुती कापड आधी धुऊन आटवून घ्या. मशरू वापरताना बाजू नीट बघा: ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, रेशीम बाहेर आणि सूत अंगाशी.

पण खरी अडचण पुढेच होती. उरलेल्या पांढऱ्या मलमलीत जोड देऊन पुढचे दोन भाग आणि छातीवरचा आतला पडदा कसाबसा झाला. घेराला पांढरं काही उरलं नाही. म्हणजे एक होतं. माझ्या सासऱ्यांचं नागपुरी धोतराचं पान, बारीक सुताचं, लाल रेशीमकाठी. आमच्या लग्नात ते नेसले होते. उघडलं तर काठाला टाचणीने लावलेली चिठ्ठी, हिच्या अक्षरात: "घेर, १६ कळ्या."

मला वाटत होतं, आजारपणामुळे अंगरखा राहिला. पण चिठ्ठीचा कागद जुना होता, टाचणीचा गंज धोतराला लागला होता. तिने ठरवलं होतं, मोजलं होतं, आणि कात्री लावली नव्हती.

कृष्णाच्या बोटाची लोककथा तुम्हाला माहीत आहे. बोट कापलं, रक्त आलं, सुभद्रा चिंधी शोधत राहिली. घरात शालू होते, पैठण्या होत्या, चिंधी सापडेना. द्रौपदीने नेसूचं मोलाचं वस्त्र फाडून पट्टी बांधली. गोष्ट सांगणारे सुभद्रेला नेहमी कंजूष ठरवतात. मला हल्ली तसं वाटत नाही. नैयायिक सांगतात की पटातून थोडे तंतू जरी काढले तरी तो महापट नष्ट होतो, आणि उरतो तो खंडपट, वेगळी वस्तू. म्हणजे धोतराचा मोठा भाग शिल्लक राहील, हे समाधान खरं नाही. जे उरेल ते सासऱ्यांनी नेसलेलं पान नसेल. सुभद्रेला हे कळत असणार.

मी आठ दिवस ते टेबलावर ठेवलं. मग मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आईने चिठ्ठी लावली होती ना? मग ती तुमच्यासाठीच समजा. नाहीतर मी येते, मी कापते." ती आली. आम्ही दोघांनी धरून कापलं, दोन वार. गंजाचा डाग नेमका एका कळीत आला, ती कळी मागच्या बाजूला घातली. एकांकिकेचे दोन प्रयोग झाले. अंगरखा धुऊन पुन्हा ट्रंकेत आहे, मंडळींना लागला की ते नेतात. काठ उसवून गुंडाळून ठेवला आहे. उरलेल्या तुकड्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मुलगी दुपटं म्हणते, मला एक बाराबंदी निघेल असं वाटतं.

वेळ झाली आहे. कळीची आकृती ज्यांना समजली नसेल त्यांनी थांबा, मी कागद आणि कात्री आणली आहे.