रोझेटा शिळा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेला प्रवासी एका भग्न, काळसर शिळेपुढे हटकून थांबतो. ही रोझेटा शिळा फ्रेंच सैनिकांना १७९९ साली इजिप्तमध्ये सापडली. पुरोहितांचा एकच ठराव तिच्यावर दोन भाषांत व तीन लिप्यांत कोरलेला आहे. त्यांपैकी ग्रीक भाषा विद्वानांना अवगत होती. तिच्या आधारे शांपोलियाँ या फ्रेंच पंडिताने १८२२ साली इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे उलगडले आणि सुमारे १४०० वर्षे मुकी असलेली ती लिपी बोलू लागली.

युद्धातील पराभवानंतर फ्रेंचांना ही शिळा इंग्रजांच्या स्वाधीन करावी लागली. ती परत मिळावी, अशी मागणी इजिप्तमधून होत आली आहे. म्हणून मुलांनो, संग्रहालयातील प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : तू काय सांगतेस, आणि येथे कशी आलीस?